आंदोलनातील हिंसा व जबाबदारीची निश्चिती (खानदेश)

राजकीय मोर्चा, रास्ता रोको किंवा बंद हिंसक वळणावर गेल्यास दोष कोणाचा, किती आणि कोणत्या पुराव्यावर हे ठरवण्याची प्रक्रिया. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत कापूस-केळीचे भाव, वीज, वनजमिनी, आरक्षण अशा प्रश्नांवर लोक रस्त्यावर येत आले आहेत. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात; तिथे वाहने अडली की झळ लांबवर पोहोचते. दगड मात्र बहुधा एसटीच्या काचेवरच पडतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार बेकायदा उद्देशाने जमलेल्या पाच किंवा अधिक व्यक्तींचा जमाव बेकायदेशीर ठरतो; शांतपणे जमलेला जमावही पुढे तसा ठरू शकतो. कलम १९० (पूर्वीच्या दंड संहितेचे १४९) जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याचा भार सर्वांवर टाकते. खरी अडचण इथेच सुरू होते. फिर्यादीत चार-सहा ओळखीची नावे असतात आणि पुढे ‘व इतर शंभर-दीडशे अनोळखी इसम’. त्या रिकाम्या जागेत नंतर कोणीही बसवला जाऊ शकतो: दगड मारणारा, घोषणा देणारा, बाजाराला आलेला शेतकरी. मसालती खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी आरोपीबद्दल सुसंगत साक्ष द्यावी, ही कसोटी योग्य मानली. ही चाळणी किती मोलाची आहे हे चौरीचौराच्या खटल्यात दिसते; १९२२ मध्ये तिथे जमावाने पोलीस ठाणे जाळून पोलिसांना मारले होते. सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती १९ जणांपुरती कायम ठेवली.

त्याच चौरीचौरासाठी गांधींनी असहकार आंदोलन थांबवले आणि मार्च १९२२ मध्ये न्यायालयात त्या हिंसेचा दोष आपल्यावर घेतला, जरी त्यांचा तिच्यात हात नव्हता. नेत्याची नैतिक जबाबदारी ही अशी, शिक्षेहून वेगळी आणि अधिक व्यापक असते. कायदेशीर जबाबदारीसाठी चिथावणी, नियोजन किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. २००९ च्या निर्देशांत सर्वोच्च न्यायालयाने आयोजकांनी पोलिसांसोबत मार्ग ठरवावा, शस्त्रे येऊ देऊ नयेत, मोक्याच्या चौकात स्वयंसेवक नेमावेत असे सांगितले. परवानगीच्या अर्जावर सही करून सभेनंतर गाडीत बसून निघून जाणारा पुढारी या कसोटीत टिकत नाही.

हिंसा नेहमी जमावाच्याच बाजूने होते, हे गृहीतक खानदेशात तरी चालत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी गेले; शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. २०१३ च्या धुळे दंगलीत, जी आंदोलनातून उद्भवली नव्हती, पोलीस गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. मोबाइलवरील चित्रफितींमुळे काही पोलिसांवरही कारवाई झाली. जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरण्यास सरकारची मंजुरी लागते, आणि चौकशी आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. इशारा दिला होता का, कमरेखाली नेम धरला होता का, आदेश कोणाचा होता, हे प्रश्न म्हणूनच त्याच दिवशी नोंदले जाणे गरजेचे असते.

राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारे वेळोवेळी करतात. जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांच्या आत असावे, अशा अटी त्यांत असतात; न्यायालयाची संमतीही लागते. वर्षानुवर्षे तारखांना जाणाऱ्या साध्या कार्यकर्त्याला याने मोठा दिलासा मिळतो. ज्याची टपरी जळाली, त्याची भरपाई मात्र त्या निर्णयातून होत नाही. सार्वजनिक मालमत्तेसाठी १९८४ चा कायदा आहे. टपरीवाल्याला दाद वेगळी मागावी लागते.