स्वीडनचे आद्य फिगर स्केटिंग विजेते व त्यांची नावे

फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धांच्या पहिल्या तीन दशकांत अजिंक्यपदे मिळविणारे स्वीडिश खेळाडू आणि त्यांच्या नावांवरून दिसणारी स्कँडिनेव्हियन नामपरंपरा. हेन्निंग ग्रेनांडर, उल्रिक साल्कोव्ह, यॉस्ता सांदाल, गिलिस ग्राफस्ट्रम व मागदा यूलिन ही यांतील प्रमुख नावे होत. स्वीडिश नाव म्हटले की ‘–सन’ प्रत्ययाचे पितृनाम सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर येते. परंतु या पाचही विजेत्यांपैकी एकाच्याही आडनावात तो प्रत्यय नाही. याचे कारण या खेळाच्या आरंभीच्या सामाजिक घडणीत शोधावे लागते, म्हणून दोन्ही विषयांचा विचार येथे एकत्र केला आहे.

खेळाची पार्श्वभूमी : संगीताच्या साथीने मोकळ्या हालचाली करण्याची ‘आंतरराष्ट्रीय शैली’ अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्स याने १८६० च्या दशकात व्हिएन्नात लोकप्रिय केली. हेन्स १८७५ मध्ये फिनलंडमधील कोक्कोला (स्वीडिश नाव गाम्लाकार्लेबी) येथे मरण पावला. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली आणि स्वीडिश लष्करी अधिकारी व्हिक्टर बाल्क हा १८९५ पासून १९२५ पर्यंत तिचा अध्यक्ष होता. बाल्कनंतर ते पद साल्कोव्हकडे आले व १९३७ पर्यंत त्याच्याकडे राहिले. म्हणजे सलग बेचाळीस वर्षे या संघटनेचे नेतृत्व स्वीडनकडे होते. सराव गोठलेल्या खाडीवर किंवा क्लबच्या राखीव बर्फावर होई. त्यामुळे हा खेळ मुख्यतः स्टॉकहोममधील मध्यम व उच्च मध्यम वर्गापुरता राहिला, आणि नावांच्या विवेचनात ही बाब महत्त्वाची ठरते.

विजेते : जागतिक अजिंक्यपद मिळविणारा पहिला स्वीडिश खेळाडू हेन्निंग ग्रेनांडर (लंडन, १८९८) होय. त्याने व्हिएन्नाच्या गुस्टाफ ह्यूगेलवर मात केली. पुढे तो इंग्लंडमध्येच स्थायिक झाला आणि स्वीडनच्या क्रीडास्मृतीत त्याला मिळावयास हवे होते तेवढे स्थान मिळाले नाही.

उल्रिक साल्कोव्ह (१८७७–१९४९) याने १९०१ ते १९०५ व १९०७ ते १९११ या काळात दहा वेळा जागतिक आणि १८९८ ते १९१३ या काळात नऊ वेळा यूरोपीय अजिंक्यपद मिळविले. १९०६ ची जागतिक स्पर्धा म्यूनिकमध्ये होती. तेथे जर्मन स्केटर गिल्बर्ट फुक्सच्या गावी परीक्षण निःपक्षपाती होणार नाही अशा शंकेने त्याने भाग घेतला नाही, असे सामान्यतः सांगितले जाते. ऑक्टोबर १९०८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या पुरुष एकेरीत साल्कोव्ह, रिकार्ड योहान्सन व पेर तोरेन या तिघा स्वीडिश खेळाडूंनी अनुक्रमे पहिले तीन क्रमांक घेतले. साल्कोव्हचा रशियन प्रतिस्पर्धी निकोलाय पानिन अनिवार्य आकृत्यांनंतर (पात्याने बर्फावर ठरावीक आकृत्या रेखाटण्याच्या भागानंतर) स्पर्धेतून बाहेर पडला. पानिन हे टोपणनाव असून त्याचे खरे आडनाव कोलोमेन्किन होते; जुन्या निकालपत्रांत दोन्ही नावे आढळतात, त्यामुळे एकाच व्यक्तीला दोन खेळाडू समजण्याची चूक होऊ शकते.

साल्कोव्हचे नाव आज टिकून आहे ते मुख्यतः त्याच्या उडीमुळे. डाव्या पायाच्या पात्याच्या मागील आतल्या कडेवर (म्हणजे मागे सरकत, आतल्या कडेवर) वळण घेत, मोकळा उजवा पाय पुढे झोकून त्या झोताने शरीर वर उचलायचे, हवेत एक फेरा पूर्ण करायचा आणि उजव्या पायाच्या मागील बाहेरच्या कडेवर उतरायचे, असे तिचे स्वरूप आहे (उलट दिशेने फिरणाऱ्यांसाठी पाय उलट). पात्याच्या टोकाच्या दात्यांचा आधार न घेता केवळ कडेवरून उड्डाण करायचे, हे तिचे वैशिष्ट्य होय. या उडीचा काळ सामान्यतः १९०९ असा देतात. मात्र एखादी हालचाल प्रथम केव्हा केली गेली आणि ती स्पर्धेत प्रथम केव्हा नोंदली गेली यांत फरक असतो, म्हणून ते वर्ष स्थूलमानानेच घ्यावे. पेर तोरेनच्या नावाची उडीही यूरोपात रूढ आहे. तीत मागील बाहेरच्या कडेवरून उडून दुसऱ्या पायाच्या मागील आतल्या कडेवर उतरतात आणि दोन मोठ्या उड्या जोडण्यासाठी तिचा उपयोग होतो. इंग्रजी परंपरेत तिला ‘ऑयलर’ म्हणतात.

यॉस्ता सांदाल १९१४ मध्ये हेलसिंकी येथे जागतिक विजेता झाला. त्यानंतर महायुद्धामुळे स्पर्धा थांबल्या. गिलिस ग्राफस्ट्रम (१८९३–१९३८) हा पेशाने वास्तुविशारद होता. त्याने १९२०, १९२४ व १९२८ या तीन लागोपाठच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक व १९३२ मध्ये रौप्यपदक मिळविले. १९२२, १९२४ व १९२९ ही त्याच्या जागतिक विजेतेपदांची वर्षे होत. त्याची आयुष्याची अखेरची वर्षे जर्मनीतील पॉट्सडाम येथे गेली. साल्कोव्हची ताकद आणि ग्राफस्ट्रमची लय यांची तुलना जुन्या समीक्षकांनी वारंवार केली आहे. पदकांच्या संख्येत साल्कोव्ह पुढे असला, तरी बर्फावरील हालचालीला कलेचा दर्जा देण्याचे श्रेय ग्राफस्ट्रमला देणेच अधिक न्याय्य वाटते.

स्त्रियांमध्ये मागदा यूलिन (१८९४–१९९०) हिने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी ती गरोदर होती. एकाही परीक्षकाने तिला पहिला क्रमांक दिला नव्हता. परंतु पहिल्या क्रमांकाची मते इतर स्पर्धकांत विखुरली आणि क्रमांकांच्या एकत्रित हिशेबात ती सर्वांच्या पुढे राहिली. स्वेआ नोरेन दुसरी आली. जोडी प्रकारात १९०९ च्या जागतिक स्पर्धेत वालबोर्ग लिंदाल–निल्स रोसेनियस व गेरट्रुड स्ट्रम–रिकार्ड योहान्सन या जोड्या अनुक्रमे दुसऱ्या व तिसऱ्या आल्या.

आडनावांचे प्रकार : स्वीडनमधील ग्रामीण जनतेत एकोणिसाव्या शतकापर्यंत वंशपरंपरागत आडनाव बहुधा नसे. मुलाला वडिलांच्या नावापुढे ‘सन’ व मुलीला ‘दोत्तर’ लावून ओळखत. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि ते दर पिढीला बदलते, त्यासारखीच ही व्यवस्था होती, फक्त तिच्यापुढे आडनाव नसे. योहान्सन या नावात षष्ठीचा ‘स’ व ‘सन’ मधला ‘स’ असे दोन ‘स’ स्वीडिश लेखनात दिसतात. डॅनिश व नॉर्वेजियन नावांत त्याच जागी ‘–सेन’ येतो. डेन्मार्कमध्ये १८२८ च्या आदेशाने, स्वीडनमध्ये १९०१ च्या नामनियमाने व नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने स्थिर आडनावाच्या पद्धतीला शासकीय चौकट मिळाली. मात्र या तारखा म्हणजे दीर्घ प्रक्रियेचे टप्पे आहेत, आरंभ नव्हेत. शहरांत पितृनामे त्यापूर्वीच गोठून आडनावे झाली होती. आइसलँडमध्ये पितृनामाची पद्धत आजही चालू आहे.

सरदार, धर्मोपदेशक, व्यापारी व कारागीर यांची आडनावे निराळ्या वाटेने आली, आणि स्केटिंग करणाऱ्या शहरी वर्गात ‘–सन’ नसलेली अशीच नावे अधिक दिसतात. सतराव्या शतकापासून विद्यापीठांत शिकणारे तरुण आपल्या गावाच्या नावाला लॅटिन किंवा ग्रीक प्रत्यय जोडत. रोसेनियसमधील ‘–इयस’ हा लॅटिन व ग्रेनांडरमधील ‘–आंडर’ हा ग्रीक (‘पुरुष’ या अर्थाच्या शब्दाच्या विभक्तिरूपापासून आलेला) प्रत्यय त्याची उदाहरणे होत. तोरेन व नोरेन यांतील ‘–एन’ हा लॅटिन ‘–एनियस’चे आखूड रूप असून त्यावरील स्वरचिन्ह व अंत्य अवयवावरील आघात फ्रेंच वळणाचे आहेत, असे सामान्यतः मानले जाते. या अभिजात प्रत्ययांनंतर अठराव्या शतकात निसर्गवाचक जोडनावांची लाट आली: स्ट्रम म्हणजे प्रवाह, दाल म्हणजे दरी, लिंद म्हणजे लिंडेन वृक्ष, बेर्ग म्हणजे डोंगर, ग्रेन म्हणजे फांदी. लिंदाल, सांदाल व ग्राफस्ट्रम ही नावे याच प्रकारची होत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा नावांचा शब्दशः अर्थ लावण्याचा मोह होतो. ग्राफस्ट्रमचे ‘खंदकाचा प्रवाह’ किंवा ‘थडग्याचा प्रवाह’ असे भाषांतर छापलेले दिसते. वस्तुतः पहिला घटक बहुधा मूळ गावाच्या, शेतवाडीच्या किंवा परगण्याच्या नावाचा तुकडा असतो आणि दुसरा घटक कानाला गोड वाटतो म्हणून जोडलेला असतो. दोहोंमध्ये अर्थाचा संबंध असतोच असे नाही. ग्रेनांडरमधील ‘ग्रेन’ फांदीवाचकच आहे असेही त्यामुळे ठामपणे म्हणता येत नाही, आणि तोरेनमध्ये थॉर हा नॉर्स देव पाहण्यापूर्वी ‘तोर’ने आरंभ होणाऱ्या अनेक ग्रामनामांचा विचार केला पाहिजे. १९०६ च्या स्वीडिश लेखनसुधारणेत सामान्य शब्दांतील ‘व’ ध्वनीसाठीचा जुना ‘फ’ बदलला, परंतु आडनावे जुन्याच वर्णांनी राहिली. ग्राफस्ट्रममधील ‘फ’ व ‘दाल’ मधील अनुच्चारित ‘ह’ हे त्या जुन्या लेखनाचे अवशेष होत. सैनिकांना लष्कराने दिलेली आखूड नावे (रास्क म्हणजे चपळ, स्टोल म्हणजे पोलाद, इत्यादी) हा चौथा मोठा प्रकार. वर उल्लेखिलेल्या स्केटरांत त्याचे निःसंदिग्ध उदाहरण नाही.

साल्कोव्ह हे आडनाव या कोणत्याच प्रकारात बसत नाही, कारण ते स्कँडिनेव्हियन नव्हे. हा खेळाडू कोपनहेगनमध्ये जन्मला होता. ‘–ओव्ह’ ने संपणारी स्थलनामे मेक्लेनबर्ग व पॉमेरेनिया या ईशान्य जर्मन प्रदेशांत विपुल असून ती तेथील जुन्या स्लाव वस्त्यांची आहेत. पॉमेरेनियाचा काही भाग १६४८ ते १८१५ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता, त्यावरून घराण्याचा इतिहास जुळविण्याचे प्रयत्न होऊ शकतात; तथापि नावाचे रूप आडनावाचे उगमस्थान सुचविते, घराण्याच्या स्थलांतराचा मार्ग नव्हे. यूलिन हे मागदाचे विवाहानंतरचे नाव. तिचे माहेरचे आडनाव मोरोआ असून ती फ्रान्समधील विशी येथे जन्मली व बालपणी स्वीडनमध्ये आली. म्हणजे सर्वांत गाजलेल्या स्वीडिश विजेत्यांपैकी दोघे जन्माने परदेशी होते.

व्यक्तिनामे : यांपैकी सर्वाधिक चर्चा यॉस्ता या नावाची झाली आहे. ते गुस्टाव्ह या नावाचे बोलीरूप असून गुस्टाव्हच्या व्युत्पत्तीविषयी दोन मुख्य मते आहेत. पहिल्या मतानुसार ते ‘गाउत’ (दक्षिण स्वीडनमधील प्राचीन लोकसमूह) आणि ‘स्टाव्ह’ (काठी, आधार) यांचा समास आहे. दुसऱ्या मतानुसार ते ‘गोस्तिस्लाव’ या स्लाव नावाचे, मध्ययुगीन संपर्कातून आलेले रूप आहे. हे दुसरे मत मांडणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा की, प्राचीन नॉर्स वाङ्‌मयात ‘गाउतस्टाव्ह’ असे नाव आढळत नाही. याउलट, प्राचीन ‘आउ’ या संयुक्त स्वराचा स्वीडिशमध्ये नियमाने गोलाकार अग्रस्वर (ओठ गोल करून, जिभेचा पुढचा भाग उचलून उच्चारलेला स्वर) होतो आणि तोच स्वर यॉस्ता व जुन्या स्वीडिशमधील ‘गोस्टाफ’ या रूपांत आहे, हा पहिल्या मताला मिळणारा ध्वनिशास्त्रीय आधार दुर्लक्षिता येत नाही. ‘गुड’ म्हणजे देव हा शब्द पूर्वपदात पाहणारे तिसरे मतही आहे, पण ते लोकव्युत्पत्तीच्या जवळचे वाटते. नावाच्या प्रसाराचे कारण मात्र वादातीत आहे: १५२३ ते १५६० पर्यंत राज्य करणाऱ्या गुस्टाव्ह वासाने आणि त्याच्या वंशजांनी ते राजनाम केले.

गिलिस हे संत एजिदियसच्या नावाचे फ्रेंच ‘झील’ व नेदरलँडमधील रूपांतून आलेले नाव होय. बाराव्या शतकातील नॉर्वेचा राजा हाराल्ड गिले याच्या उपनामाशी त्याचे साम्य आहे, पण ते उपनाम ‘सेवक’ या अर्थाच्या गेलिक शब्दापासून आले असल्याने दोहोंचा संबंध जोडू नये. हेन्निंग हे योहानेस किंवा हेन्रिक या नावाचे उत्तर जर्मन लघुरूप असून हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाच्या व्यापारकाळात अशी अनेक नावे बाल्टिक किनाऱ्यावरून उत्तरेकडे गेली. उल्रिक (जर्मन रूप उल्रिख) यातील पूर्वपद ‘वडिलार्जित भूमी’ या अर्थाचे असून स्वीडिश ‘ओदाल’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. पेर म्हणजे पीटर. स्वेआ हे नाव ‘स्वेआर’ या लोकांच्या नावाच्या षष्ठी बहुवचनापासून बनलेले आहे. स्वीडनचे मानवीकरण केलेल्या ‘माता स्वेआ’ या प्रतिमेवरून एकोणिसाव्या शतकात ते मुलींना देण्यात येऊ लागले.

लिप्यंतर : साल्कोव्हचे नाव स्वीडिशमध्ये ‘व्ह’ने संपते, इंग्रजी समालोचनावरून मराठीत आलेले ‘साल्काऊ’ हे रूप उडीच्या नावापुरते रूढ झाले आहे. यॉस्तामधील आद्य वर्ण रोमन लिपीत ‘ग’चा असला, तरी स्वीडिशमध्ये अग्रस्वरापूर्वी त्याचा उच्चार ‘य’ होतो, म्हणून ‘गोस्टा’ हे लेखन टाळावे. स्ट्रममधील स्वरासाठी देवनागरीत नेमके चिन्ह नाही. ‘स्ट्रम’ व ‘स्ट्रॉम’ ही दोन्ही रूपे मराठीत आढळतात.