आकड्यांच्या नावाच्या बेवारस फायली

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या डेटा डिरेक्टरीतलं 'बेस' फोल्डर उघडून डेटाबेसच्या आत शिरलं की नुसते आकडे समोर येतात. २४५७६, शेजारी २४५७६.१, मग त्याच आकड्याला _एफएसएम आणि _व्हीएम अशी शेपटं लागलेल्या दोन लहान फायली. यातली कुठली गिऱ्हाइकांच्या ऑर्डर्सची आणि कुठली तीन वर्षांपूर्वी सर्व्हर कोसळताना मागे राहिलेली, हे नावावरून कळत नाही. एके काळी कळायचं.

१९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कलीला पोस्टग्रेस सुरू केलं, तेव्हा जुनं काही पुसायचंच नाही असा खाक्या होता. ओळ बदलली तरी जुनी तशीच ठेवायची, नवी वेगळी लिहायची, आणि 'व्हॅक्यूम क्लीनर' नावाच्या प्रक्रियेने जुन्या ओळी सवडीने उचलून संग्रहात न्यायच्या. तो संग्रह पुढे बंद झाला, शब्द उरला. आजचा व्हॅक्यूम त्याच झाडूचा वंशज, पण तो फिरतो टेबलाच्या आत. जिला टेबलच उरलेलं नाही अशा फाइलकडे तो बघतही नाही. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, कितीही ट्यून करा, ती जागा सुटणार नाही.

फायलींची नावं बदलली २००१ मध्ये, आवृत्ती ७.१ ला. तोवर टेबलचं नाव तेच फाइलचं नाव. वाचायला सोपं, ट्रान्झॅक्शनला (सगळे बदल एकत्र पक्के, म्हणजे कमिट, किंवा एकत्र रद्द, म्हणजे रोलबॅक, करायचा व्यवहार) मात्र अडचणीचं: ड्रॉप केलं की फाइल गेली, मग रोलबॅक करून ती आणणार कुठून? ७.१ ने फायलींना आकडे दिले, आणि फाइल डिस्कवरून काढायची ती कमिट झाल्यावरच असं ठरलं. आकडा सुरुवातीला बहुधा टेबलच्या ओआयडीशी, म्हणजे पोस्टग्रेसने दिलेल्या ओळख-क्रमांकाशी, जुळतो. पण ट्रंकेट करून टेबल रिकामं केलं, किंवा ९.० पासूनचं, अख्खं टेबल नव्याने लिहिणारं व्हॅक्यूम फुल चालवलं, की त्याच टेबलला नवा आकडा, नवी फाइल मिळते.

बेवारस फायली जन्मतात त्या याच फटीत. समजा दोनशे जीबीच्या टेबलवर व्हॅक्यूम फुल चालू आहे, नवी फाइल दीडशे जीबीपर्यंत आली आहे, आणि कोणीतरी वैतागून त्या प्रोसेसला जागीच ठार करणारा 'किल -९' मारतो. साधी एरर आली असती तर पोस्टग्रेसने आपला पसारा आपणच आवरला असता. इथे आवरणाराच गेला. सर्व्हर पुन्हा उठतो, टेबल जुन्या फाइलवर मजेत चालू राहतं, आणि दीडशे जीबी कोणाच्याच नावावर नसतात. पहिला सुगावा लागतो तो हिशेबातून: पीजी_डेटाबेस_साइझ फोल्डरमधल्या फायली मोजतं, म्हणून त्याचा आकडा सगळ्या टेबलांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा दिसतो.

मग कोणीतरी सरळ उपाय सुचवतो: फोल्डरमधले आकडे पीजी_क्लासच्या (टेबलांची नोंद ठेवणारा कॅटलॉग, म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःची नोंदवही) रेलफाइलनोड या रकान्याशी ताडून बघा, उरतील ते उडवा. हा हिशेब जीवघेणा आहे. २०१० च्या ९.० पासून खुद्द पीजी_क्लास आणि आणखी काही मूळ कॅटलॉगांच्या त्या रकान्यात शून्य असतं. त्यांचे खरे आकडे पीजी_फाइलनोड.मॅप या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये राहतात. म्हणजे बेवारसांच्या यादीत सातबाराच पहिला! रकाना न वाचता पीजी_रिलेशन_फाइलनोड हे फंक्शन वापरलं तर हा घोळ टळतो. दुसरी ठेच शेजारच्या फोल्डरची. प्रत्येक डेटाबेसचा पीजी_क्लास वेगळा, त्यामुळे एकात बसून दुसऱ्याच्या फायली तपासल्या तर तिथल्या टेबलांच्या जिवंत फायलीही बेवारस दिसतात.

सगळ्यात फसवा प्रकार चालू ट्रान्झॅक्शनचा. कोणीतरी आत्ता टेबल बनवून त्यात डेटा भरतंय, कमिट व्हायचंय. फाइल डिस्कवर आहे, नोंद तुम्हाला दिसत नाही. उलट बाजूने, ड्रॉप झालेल्या टेबलची पहिली फाइल पुढच्या चेकपॉइंटपर्यंत (बदल डिस्कवर पक्के उतरवायचा टप्पा) शून्य बाइटची होऊन मुद्दाम पडून असते, तो आकडा इतक्यात दुसऱ्याला मिळू नये म्हणून.

नावाने लोक किती फसतात याचा पुरावा प्रकल्पानेच लिहून ठेवलाय. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत पीजी_एक्सलॉग या फोल्डरचं नाव पीजी_वॉल झालं आणि पीजी_क्लॉगचं पीजी_एक्सॅक्ट. कारण रिलीज नोट्समध्ये स्पष्ट आहे: 'लॉग' वाचून लोकांनी ती फोल्डरं बिनकामाची समजून हाताने रिकामी केली आणि डेटा कायमचा गमावला. डिस्क भरली की रात्री दोनला 'लॉग' हा शब्द फार प्रेमळ वाटतो.

लार्ज ऑब्जेक्ट्ससाठीचं (डेटाबेसमध्येच ठेवलेले मोठे दस्तऐवज वगैरे) व्हॅक्यूमएलओ हे जुनं टूल याच जातीचं. ओआयडी किंवा एलओ प्रकारच्या कुठल्याही रकान्यात उल्लेख नसलेलं ऑब्जेक्ट ते बेवारस धरतं. तुम्ही तो आकडा साध्या इंटिजर रकान्यात ठेवला असेल तर तुमचे जिवंत दस्तऐवज त्याच्या लेखी कचरा. म्हणून आधी -एन लावून, काहीही न पुसता, कोरडी फेरी मारायची.

पोस्टग्रेस सुरू होताना टेबलांच्या अशा फायली आजही स्वतःहून शोधत नाही. पीजी_ऑर्फन्ड नावाचं एक्स्टेंशन शोधतं, आणि कमिट न झालेल्या नोंदीही बघतं. एरवी ते एका दिवसापेक्षा ताज्या फाइलला हात लावत नाही, आणि सापडलेल्या जुन्या फायली आधी 'ऑर्फन्ड_बॅकअप' फोल्डरमध्ये हलवतं. कायमचं काढायचं फंक्शन वेगळं, आणि हलवलेली फाइल जागेवर परत आणायचं त्याहून वेगळं.