केमोथेरपीमुळे होणारी फुप्फुसाची इजा

कर्करोगावरच्या औषधांमुळे फुप्फुसाच्या ऊतींना होणारी हानी. सुरुवातीला वायुकोशांच्या भिंतींना सूज येते, तिला न्यूमोनायटिस म्हणतात. ती ओसरली नाही तर तिथे तंतू साचून फुप्फुस कडक होते, हे फायब्रोसिस. सूज बऱ्याचदा उतरवता येते. फायब्रोसिस झाले की ते मागे फिरत नाही.

यातले सर्वांत अभ्यासलेले औषध म्हणजे ब्लिओमायसिन. जपानी शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांनी १९६०च्या दशकात ते स्ट्रेप्टोमायसिस वर्गातल्या जिवाणूपासून वेगळे केले. हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा एक कर्करोग) आणि वृषणाच्या कर्करोगात ते वापरतात. लोह आणि ऑक्सिजन यांच्याशी संयोग होऊन ते पेशीतला डीएनए तोडते. शरीरात त्याला निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) असते, पण ते फुप्फुसात आणि त्वचेत फार कमी. त्यामुळे इजाही नेमकी याच दोन ठिकाणी दिसते. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. वृषणाच्या कर्करोगात सोबत दिले जाणारे सिस्प्लॅटिन मूत्रपिंडालाच त्रास देते, म्हणून प्रत्येक फेरीआधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) पाहणे हा केवळ सोपस्कार समजणे चूक. एकूण मात्रा ४०० युनिटांपलीकडे गेली की धोका झपाट्याने वाढतो. आठवड्याला ३० युनिटे या हिशेबाने तीन-तीन आठवड्यांच्या चार फेऱ्यांत ३६० होतात, म्हणजे मर्यादेच्या अलीकडेच थांबणे. मात्र कमी मात्रेतही इजा झालेले रुग्ण आहेत. वय, धूम्रपान आणि छातीला दिलेले रेडिएशन यांनी जोखीम वाढते.

इतर औषधांची तऱ्हा वेगळी. बुसल्फान आणि कार्मुस्टिन सावकाश काम करतात. कार्मुस्टिनचे फायब्रोसिस उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनीही उघड झालेले आहे. मेथोट्रेक्सेटमध्ये बहुधा ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते, तापासह. जेमसिटाबिन, मायटोमायसिन, तसेच जेफिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी यांनीही न्यूमोनायटिस होतो.

लक्षणे साधी असतात: कोरडा खोकला, श्रम केल्यावर धाप, कधी बारीक ताप. मुंबईत हीच अडचण. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये उपचार घेणारा रुग्ण चाळीचा दुसरा मजला चढताना मध्येच थांबतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘केमोचा अशक्तपणा आहे, होईल बरा.’ खोकल्याचे खापर हवेवर, धुळीवर फुटते. बसल्या जागी बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही ९७ दाखवतो. पण त्याच रुग्णाला क्लिप लावून वॉर्डाच्या व्हरांड्यात सहा मिनिटे चालवले की आकडा घसरू लागतो. ही चाचणी स्वस्त आहे, आणि ती जितकी व्हावी तितकी होत नाही.

निदान करताना आधी बाकीची कारणे बाजूला काढावी लागतात. एचआरसीटीवर, म्हणजे फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनवर, फुप्फुसाच्या तळाशी आणि कडेला पांढुरका धूसरपणा किंवा जाळी दिसते, पण संसर्गातही असे चित्र येऊ शकते. मुंबईत पहिला संशय क्षयाचा, आणि तो योग्यच. शहरात औषधांना दाद न देणारा क्षयही मोठ्या प्रमाणावर आहे. पेच असा, की फुप्फुसाच्या इजेवर प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड द्यावे लागते, आणि आत क्षय दडलेला असेल तर स्टिरॉइडने तो उफाळतो. उलट, पुरावा नसताना ‘टीबीच असेल’ म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि केमो तशीच चालू ठेवली, तर हानी वाढत जाते. म्हणून थुंकीची सीबीनॅट तपासणी (क्षयाचे जंतू शोधणारी), आणि थुंकी येत नसेल तर ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, काढलेले द्रव तपासणे, हे आधी.

उपचारात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संशयित औषध थांबवणे. हॉजकिन लिम्फोमात दोन फेऱ्यांनंतरचा पेट स्कॅन (सक्रिय कर्करोग दाखवणारा) स्वच्छ आला तर पुढे ब्लिओमायसिन वगळता येते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. उपचारादरम्यान फुप्फुसाची वायू शोषण्याची क्षमता मोजत राहतात, तरी ती चाचणी इजेचा अंदाज दरवेळी अचूक देत नाही.

ब्लिओमायसिन घेतलेल्याला पुढे कधी शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूलतज्ज्ञाला हे आधी सांगावे लागते, कारण जास्त ऑक्सिजनने इजा पुन्हा भडकू शकते. अशा रुग्णाला गरजेपुरताच ऑक्सिजन देतात. हर्निया किंवा अपेंडिक्ससाठी दुसऱ्याच रुग्णालयात दाखल होताना केमोची फाइल घरच्या कपाटात राहते. औषधांची नावे आणि एकूण मात्रा लिहिलेला डिस्चार्जचा कागद सोबत नेला, तर तिथल्या डॉक्टरांना ऑक्सिजन किती द्यायचा हे ठरवता येते.