पोलिसी बोली (मुंबई)

मुंबईतील पोलीस ठाणी, चौक्या आणि फौजदारी न्यायालये यांत रुळलेली शब्दसंपदा, तसेच तिच्यातून शहराच्या रोजच्या बोलण्यात आलेले शब्द. गुन्हेगारांची सांकेतिक बोली तिला लागून असली, तरी पोलिसी बोली ही गुप्त भाषा नव्हे. तिचा मोठा भाग कागदावर, सहीशिक्क्यासह नांदतो. फारसी-अरबी दफ्तरी शब्द, ब्रिटिश अमदानीतील इंग्रजी संज्ञा, राज्यस्थापनेनंतरची राजभाषा आणि बंबैया हिंदी या सगळ्यांची तिच्यात सरमिसळ आहे.

पदनामांचा इतिहास घसरणीचा आहे. मराठेशाहीत हवालदार हा किल्ल्याचा प्रमुख अधिकारी असे आणि सबनीस-कारखानीस त्याच्या जोडीला असत. मोगल राज्यात फौजदाराकडे मोठ्या मुलखाची सुव्यवस्था असे, तर कोतवालाकडे अख्खे शहर. ब्रिटिशांनी वरच्या जागांना इंग्रजी नावे दिली. फ्रँक सौटर १८६४ मध्ये मुंबईचे पहिले पोलीस कमिशनर झाले. एतद्देशीय पदनामे मात्र खालच्या पायऱ्यांना उरली. त्यामुळे आज हवालदार शिपायाच्या वरचा अंमलदार आहे, फौजदार म्हणजे उपनिरीक्षक आणि कोतवाल हे महसूल खात्यातल्या गावपातळीवरच्या मदतनीसाचे नाव ठरले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतरच्या कारभारात आयुक्त, निरीक्षक, अधीक्षक हे शब्द पाट्यांवर पक्के झाले. बोलण्यात मात्र ‘सीपी’ (आयुक्त) आणि ‘पीआय साहेब’ (निरीक्षक) टिकले, आणि रस्त्यावरच्या शिपायाला मुंबईकर आजही ‘मामा’ म्हणतो.

या बोलीचा खरा गाभा जबाबात आणि फिर्यादीत सापडतो. ‘मी वरील ठिकाणी राहण्यास असून’ अशी सुरुवात, पुढे ‘सदर इसम’, ‘यातील नमूद आरोपी’, आणि चोरीचा मामला असेल तर ‘माझ्या संमतीशिवाय मुद्दाम लबाडीच्या इराद्याने चोरून नेले’. ऐकणाऱ्याला हे पाल्हाळ वाटते, पण त्यात कायद्याची गरज दडलेली आहे. संमती नसणे आणि लबाडीचा हेतू असणे हे चोरीच्या व्याख्येचे घटक आहेत, आणि ते कागदावर यावेत म्हणून हे साचे घडले. अडचण पुढे येते. मालवणी, भोजपुरी किंवा दखनी बोलणारी बाई जे सांगते ते याच साच्यात ओतले जाते. तिने आयुष्यात कधी न उच्चारलेला ‘इसम’ तिच्या तोंडी येतो. खटल्यात उलटतपासणी होते ती या लिहिलेल्या शब्दांवर, आणि निरनिराळ्या साक्षीदारांचे जबाब शब्दशः सारखे निघाले की बचावाचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर देणाऱ्याला वाचून दाखवावी, तिच्यावर सही घ्यावी आणि प्रत विनामूल्य द्यावी, असे कायदा सांगतो. ते वाचन फिर्यादीला समजेल अशा भाषेत आणि सावकाश होणे, ही या साऱ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. घाईत ती उरकली गेली तर नुकसान फिर्यादीचेच होते.

घराघरांत पोहोचताना या शब्दांमागची प्रक्रिया बहुधा गळून पडते. पंचनामा म्हणजे त्रयस्थ पंचांसमक्ष जागेची किंवा जप्त मुद्देमालाची केलेली नोंद. पोलिसांनी मनाप्रमाणे काही लिहू नये म्हणून पंच असतात, म्हणजे ही आरोपीचीही ढाल आहे. रोजच्या मराठीत मात्र एखाद्याचा ‘पंचनामा करणे’ म्हणजे त्याचे वाभाडे काढणे. ‘तडीपार’चेही तसेच. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याखालील हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते आणि तिच्याविरुद्ध अपील करता येते. गल्लीतल्या क्रिकेटमधून तडीपार झालेल्या पोराला अपील नसते. ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ‘नुसती एनसी घेतली’ या वाक्यातून मुंबईकर आपली तक्रार बासनात गेल्याची खंत सांगतो. बातमीदार हा शब्द तर दोन घरचा आहे: वर्तमानपत्रात तो वार्ताहर, पोलिसांच्या कागदात खबऱ्या.

टोळीयुद्धांच्या काळात गुन्हेगारांचे शब्द पोलिसांच्या आणि मग वृत्तपत्रांच्या तोंडी आले. सुपारी ही मुळात आमंत्रणाची, कार्यक्रम ठरवण्याची खूण. तमाशा-लावणीचे कलावंत अजूनही त्याच अर्थाने ‘सुपारी घेतात’. टोळ्यांनी ती खुनाच्या कंत्राटाला लावली आणि आता दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहतात. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांच्या आरोपांतून ‘पन्नास खोके’ ही घोषणा उठली, तेव्हा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचा (इंग्रजी आद्याक्षरे MCOCA) ‘मोक्का’ झाला आणि तो ‘लावला’ जाऊ लागला.

‘एन्काउंटर’ या शब्दाबद्दल सावध राहायला हवे. गुंड मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, ती शहरातली अशी पहिली घटना मानली जाते. अधिकृत मराठी शब्द ‘चकमक’ दोन्ही बाजूंनी झालेली लढत सुचवतो, तर बोलण्यातले ‘एन्काउंटर केला’ हे एकतर्फी क्रियापद आहे. मुंबई पोलिसांच्या अशाच प्रकरणांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी बंधनकारक केली. हे क्रियापद सहज वापरताना ती चौकशी विसरली जाते.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचे ४२० आता ३१८(४) आहे आणि खुनाचे ३०२ आता १०३. तरी ‘चारसोबीस’ माणसाचे नाव बदललेले नाही. जमावबंदीला लोक जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून ‘एकशे चव्वेचाळीस’च म्हणतात. मुंबईत ती पुष्कळदा पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली लागते, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

अलीकडचा ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द ठाण्यात जन्मला नाही, तो भामट्यांनी घडवला. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, कलमांचे आकडे आणि वॉरंट ऐकवतो, आणि घाबरलेले लोक पैसे पाठवतात. कायद्यात अशी अटक नाही, आणि पोलीस कॉलवर पैसे मागत नाहीत. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता अधिक.