भंगारात साठलेली वीज

भंगारवाला जुनी भांडी तोलून घेतो, तेव्हा ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव देतो. या भावामागे बाजाराइतकेच रसायनशास्त्रही आहे. पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम विपुल असले, तरी ते ऑक्सिजनशी इतके घट्ट बांधलेले असते की त्याला मोकळे करण्यासाठी प्रचंड ऊर्जा खर्चावी लागते. बॉक्साइट या खनिजाच्या सुमारे ४ टनांपासून २ टन ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, मिळतो. तो क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात विरघळवून, साधारण ९६० अंश सेल्सिअस तापमानाला त्यातून वीज सोडली, की १ टन धातू हाती येतो. एवढ्यासाठी १३ ते १५ हजार युनिट वीज लागते, शिवाय मागे तांबड्या, अल्कधर्मी गाळाचे डोंगर उरतात. जुन्या टोपात हे सगळे काम आधीच होऊन गेलेले असते. तो ६६० अंशांना वितळवला की पुरते, आणि सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

पुनर्चक्रीकरणाचा हिशेब आपण बहुधा कचराभूमीवरची किती जागा वाचली यावरून मांडतो. माझ्या मते कोणते काम पुन्हा करावे लागले नाही, हा प्रश्न अधिक नेमका आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येक पदार्थासाठी वेगळे येते. काच पुन्हा वितळवावीच लागते, म्हणून भट्टीत दर १० टक्के काचेचा चुरा घातल्यास ऊर्जा जेमतेम अडीच ते तीन टक्के वाचते. कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी होतात. प्लास्टिकचे रेणूही वितळवताना तुटतात. वेफर्सच्या बहुपदरी पाकिटाचे तर थर वेगळे करणेच अवघड असते.

उद्योगांच्या कचऱ्यातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातील राख. भारतीय दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, त्यामुळे चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांजवळ तिचे विस्तीर्ण तलाव तयार झाले. दुसरीकडे सिमेंट बनवताना चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवली जाते आणि त्या वेळी इंधनाच्या धुराखेरीज खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राखेतील सिलिका पाण्याच्या सान्निध्यात, सिमेंटमधून मोकळ्या होणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावते आणि काँक्रीट बांधून ठेवणारा पदार्थ तयार करते. म्हणूनच पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळण्यास भारतीय मानकाची मुभा आहे. अशा मिश्रणात उष्णताही कमी निर्माण होते, हा मोठ्या बांधकामात महत्त्वाचा गुण ठरतो. घाटघर येथे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे बांधताना सिमेंटपेक्षा राखच जास्त वापरली गेली. या राखेत जड धातूंचे अंशही असतात हे खरे, पण उघड्या तलावापेक्षा घट्ट काँक्रीटमध्ये ते अधिक जखडलेले राहतात.

घरच्या कचऱ्याची अडचण वेगळी आहे. तिथे मोलाचा पदार्थ नसतो असे नाही, तो मिसळलेला असतो. वरणाने भिजलेला पुठ्ठा कागद कारखान्याच्या उपयोगाचा राहत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. वेगळे करण्याचे हे निर्णायक काम शहरांमध्ये मुख्यतः त्यांच्यासारख्या हातांनीच होत आले आहे, आणि ओला-सुका कचरा घरातच निराळा झाला तर तेच काम कमी धोक्याचे होऊन मालाला भावही चांगला येतो. उरलेला ओला कचरा देवनारसारख्या ढिगाऱ्यात दबला, की हवेअभावी कुजून मिथेन सोडतो, जो शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. हीच कुजण्याची क्रिया बंद टाकीत घडवली, तर तो मिथेन चुलीसाठी वापरता येतो आणि तळाशी उरलेली मळी शेतात खत म्हणून जाते.