नामधारी ख्रिस्ती

नामधारी ख्रिस्ती : ज्याचे नाव मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) नोंदवहीत आहे, बाप्तिस्मा झालेला आहे, जो नाताळला नवे कपडे घालून पुढच्या बाकावर बसतो, पण ज्याच्या वागण्यात ख्रिस्त शोधूनही सापडत नाही, अशा माणसाला मराठी ख्रिस्ती समाजात लावले जाणारे विशेषण. मराठवाड्यात त्याला आणखी एक, भांडणातला अर्थ आहे : आपल्याहून वेगळ्या रीतीने भक्ती करणारा तो नामधारी. संजीवन सभांचे, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांचे, वक्ते जुन्या मंडळ्यांना नामधारी म्हणतात. जुन्या मंडळ्यांतली माणसे ‘टाळ्या वाजवल्या की तारण झाले का?’ असे विचारून शब्द परत करतात. विश्वास खरा की देखाव्याचा, हा वाद ख्रिस्ती धर्माइतकाच जुना. मराठवाड्यात मात्र त्यात जात, दुष्काळ आणि सरकारी कागद मिसळले आहेत, त्यामुळे प्रवचनात वाटतो तितका तो सोपा राहत नाही.

वादाचे मूळ बायबलमध्येच आहे. आमोस हा संदेष्टा मुळात मेंढपाळ आणि उंबराची झाडे राखणारा माणूस. सण, होमार्पणे आणि वीणांचा गजर देवाला नकोसा झाला आहे, न्याय तेवढा पाण्यासारखा वाहू द्या, असे तो सांगतो. योएल हा दुसरा संदेष्टा म्हणतो, कपडे फाडू नका, अंतःकरण फाडा. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपास तिन्ही गुपचूप करायला सांगितले : उपास असेल त्या दिवशी तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे कुणाला कळणार नाही. परूश्यांवरचे, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथावरचे, त्याचे बोलणे याहून कडक. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दहावा हिस्सा मोजून देणारे, पण न्याय, दया आणि विश्वास बाजूला सारणारे ते लोक त्याला चुना लावलेल्या कबरींसारखे दिसले. मात्र तिथेच तो असेही म्हणतो की हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते. हा उत्तरार्ध प्रवचनात बहुधा गळून जातो. पैठणच्या पंचक्रोशीतल्या श्रोत्याला परूशी कोण हे समजावून सांगावे लागते, मुद्दा समजवावा लागत नाही. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ त्याला लहानपणापासून ठाऊक असतात.

याची दुसरी बाजू चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेत मांडली गेली. रोमन सम्राटांनी केलेल्या छळाच्या काळात ज्या धर्माधिकाऱ्यांनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्यांच्या हातचे बाप्तिस्म्यासारखे संस्कार खोटे, असे दोनातिस्ट पंथ म्हणू लागला. ऑगस्टीनने (३५४–४३०) उत्तर दिले की संस्कार ख्रिस्ताचा आहे. देणाऱ्याच्या पावित्र्यावर तो अवलंबून नाही. हा मुद्दा कोरडा वाटतो, पण पाळक (मंडळीचा धर्मगुरू) वाईट निघाला म्हणून आपल्या लेकराचा बाप्तिस्मा वाया गेला का, असे विचारणाऱ्या आईला त्याखेरीज दुसरा दिलासा देता येत नाही. म्हणजे बाह्य विधीला इतके हलके लेखण्याचे कारण नाही. पुढे जर्मन धर्मसुधारक लूथरने विश्वासावर भर दिला, आणि मेथडिस्ट चळवळीचा इंग्रज प्रवर्तक वेस्ली याला पाळक होऊन, अमेरिकेत मिशनचे काम करून परतल्यावर, २४ मे १७३८ रोजी लंडनच्या एका छोट्या सभेत प्रथमच आपले तारण झाल्याची खात्री वाटली. पंडिता रमाबाईंचेही असेच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचा आहे. ही कबुली त्यांनी स्वतःच्या निवेदनात लिहून ठेवली. मराठी ख्रिस्ती माणूस ‘नवा जन्म’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असाच प्रसंग असतो.

मराठवाड्यात ख्रिस्ती उपासना आधी आली ती हुकमाची. औरंगाबाद आणि जालना इथल्या छावण्यांतली चर्च सैनिक आणि अधिकारी यांच्यासाठी होती, आणि ब्रिटिश सैन्यात रविवारी रांगेने चर्चला जाणे ही कवायतच होती. स्थानिक मंडळी उभी राहिली ती मिशनांमुळे. जालन्याचे काम ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायण शेषाद्री यांच्या नावाशी जोडलेले आहे. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वेळी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग प्रश्न पडला : मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी बाजू घेतली आणि पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण समाजात वादळ उठले. मुलाचा विश्वास काय, हे फारसे कुणी विचारले नाही; सगळा खल ताटातल्या अन्नावर झाला. धर्म बाहेरून मोजायची सवय ख्रिस्ती मंडळीनेच लावली असे म्हणणाऱ्यांनी हा खटला आठवावा.

नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ निझामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. (गंमत अशी की आमोसाने ज्या ठिकाणच्या पोकळ भक्तीची टर उडवली, त्याचेही नाव बेथेलच.) मंडळीत आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले. १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनंतर गोदावरीच्या दोन्ही तीरांवर मंडळ्यांची संख्या वाढली, आणि ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा जन्माला आला. मिशनऱ्यांनाही ही शंका छळत असे. म्हणून बाप्तिस्मा मागणाऱ्याला शिकवणीसाठी थांबवून ठेवण्याची रीत पडली. पण टोमणा मारणाऱ्यांनी एक हिशेब केला नाही. बाप्तिस्मा घेतला की महारकीचे हक्क, बलुते, गावजत्रेतला मान हातचे जायचे. भाकरीसाठी भाकरीच सोडणारा माणूस ढोंगी ठरवणे अवघड आहे.

उलट बाजूने ना. वा. टिळकांनी प्रश्न टाकला. अहमदनगरच्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात येऊ शकत. दोन वर्षांनी ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. मराठवाड्यातल्या मंडळ्यांत पेटी, तबला आणि टाळ यांवर म्हटली जाणारी भजने मात्र टिकली.

भक्तीचे बाह्य रूप सर्वांत ठसठशीत दिसते ते हंगामाच्या सणाला. पीक घरात आले की देवळात (चर्चलाच इथे देऊळ म्हणतात) ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळे, गावरान कोंबड्या, अंडी असे अर्पण वेदीपुढे मांडतात, आणि उपासना झाली की आवारात त्यांचा लिलाव होतो. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा इथे हजारावर जातो. घेणारा तो पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते, आणि कुणी कुणावर किती चढवले याची चर्चा आठवडाभर पुरते. यात मिरवणे आहे, भाऊबंदकी आहे, कमिटीच्या निवडणुकीची तयारीही आहे. पण याच पैशातून देवळाचे पत्रे बदलतात आणि पाळकाचा पगार निघतो. त्याच सणाला एखादी मजूर बाई पदराच्या गाठीतून काढलेले दहा रुपये दानाच्या थैलीत मूठ न उघडता सोडते. गरीब विधवेच्या दोन दमड्या येशूने श्रीमंतांच्या दानाहून मोठ्या मानल्या, तो वचनभाग त्या दिवशी वाचतात खरा, पण लाउडस्पीकरवरून नावे मोठ्या बोलीवाल्यांचीच पुकारतात.

पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या नव्या पेंटेकॉस्टल संगतींना, म्हणजे उपासना-गटांना, हे सगळे मान्य नाही. त्यांची मुख्य तक्रार बाप्तिस्म्याची : तान्ह्या बाळावर पाणी शिंपडणे हा विधी झाला, विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तळ्यात किंवा विहिरीत बुडवले पाहिजे. ‘शिंपडलेले’ आणि ‘बुडवलेले’ अशी भांडणाची भाषाच तयार झाली आहे. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीने बालबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा दोन्ही मान्य करून हा तंटा कागदावर मिटवला होता. गावात तो मिटला नाही. काही संगतींत बायका कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवून ठेवतात. जुन्या मंडळीत मंगळसूत्राला क्रूस ओवतात. बाह्य खुणांविरुद्ध बंड म्हणून सुरू झालेली चाल पाहता पाहता स्वतःच खूण होऊन बसते, आणि मोकळ्या कपाळाच्या बाईला कुणी विचारत नाही की आत काय आहे.

वैजापूर-गंगापूर पट्ट्यातले कॅथलिक सप्टेंबरमध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला जातात. नवस बोलणे, मेणबत्त्या, पायी चालणे हे प्रॉटेस्टंटांना देखावा वाटते. चालणाऱ्याच्या पायाला आलेले फोड मात्र दिखाऊ नसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने श्रद्धावंतांनी विधीत जाणतेपणी भाग घ्यावा असे सांगितले, लोकभाषेला वाट दिली, आणि लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत आली. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा झाला.

सर्वांत अवघड गाठ कागदाची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा मिळते, पण सवलती सारख्या नाहीत. त्यामुळे दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी घरे मराठवाड्यात आहेत. शेजारी त्यांना संधिसाधू म्हणतात, काही पाळक नामधारी म्हणतात. इथे ‘नामधारी’चा अर्थ उलटा फिरतो : नाव नाही, विश्वास आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात, नियमित चर्चला जाणाऱ्या अर्जदार महिलेचा हिंदू अनुसूचित जातीचा दावा फेटाळला आणि केवळ सवलतीसाठी असा दावा करणे ही राज्यघटनेशी प्रतारणा ठरवली. मंडळी चर्चला न येणाऱ्याला जाब विचारते. कायदा येणाऱ्याला विचारतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती नोंदले गेले, त्यात ही घरे असतीलच असे नाही.

अशा घरात कुणी वारले की माती द्यायला पाळकालाच बोलावतात. कब्रस्तानाचा कारभार पाहणारा पंच मयताचा दाखला मागत नाही. वर्गणीची वही उघडतो, नाव शोधतो, आणि थकबाकी असेल तर घरच्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगतो.