स्पॅनिशमधले ‘मेंते’: क्रियाविशेषण घडते कसे आणि चुकते कुठे

विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घ्यायचे आणि त्याला ‘मेंते’ जोडायचे, की स्पॅनिशमध्ये रीतिवाचक क्रियाविशेषण तयार. ‘लेंतो’ म्हणजे संथ, त्याचे स्त्रीलिंग ‘लेंता’, म्हणून ‘लेंतामेंते’ म्हणजे सावकाश. कर्ता पुरुष असो वा स्त्री, रूप हेच.

स्त्रीलिंगच का? कारण ‘मेंते’ हा मुळात प्रत्यय नव्हताच. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन, हे स्त्रीलिंगी नाम. ‘मेंते’ हे त्याचे ‘मनाने’ अशा अर्थाचे रूप. आपण ‘शांत मनाने’ म्हणतो, तशीच ही रचना. संस्कृतातली ‘मति’ त्याच मुळातली, आणि तीही स्त्रीलिंगीच!

हे नाम अजून पुरते विरघळलेले नाही. ‘रापिदो’ (जलद) या शब्दातल्या ‘रा’वरचे आघातचिन्ह ‘रापिदामेंते’तही लिहावेच लागते आणि बोलताना ‘रा’ व ‘में’ दोन्हींवर जोर येतो. दोन क्रियाविशेषणे ‘ई’ने (आणि) जोडली, तर ‘मेंते’ फक्त शेवटच्याला: ‘लेंता ई क्लारामेंते’, सावकाश आणि स्पष्टपणे. पहिला शब्द मात्र स्त्रीलिंगीच राहतो. तिथे ‘लेंतो’ लिहिणे ही नेहमीची चूक.

‘फासिल’ (सोपा), ‘आमाब्ले’ (प्रेमळ) यांना वेगळे स्त्रीलिंग नाही, तिथे थेट जोडणी: फासिलमेंते, आमाब्लेमेंते.

मराठी माणसाची खरी अडचण वेगळीच आहे. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असे आपण सहज म्हणतो. आपला शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो. त्याच सवयीने ‘एय्या कांता ब्वेना’ तोंडात येते आणि ते चूक ठरते. हवे ‘एय्या कांता ब्येन’. ‘ब्वेनो’चे (चांगला) क्रियाविशेषण ‘ब्येन’, ‘मालो’चे (वाईट) ‘माल’; दोन्ही अविकारी. ‘ब्वेनामेंते’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘सहज जमेल तेवढे’. बोलीत ‘रापिदो’ एकटेही क्रियाविशेषण म्हणून चालते, पण त्या धावत असल्या तरी ‘कोर्रेन रापिदो’च, ‘रापिदास’ नव्हे. ‘ती अर्धवट झोपेत आहे’ यासाठीही प्रमाण भाषेत ‘एस्ता मेदियो दोर्मिदा’, ‘मेदिया’ नको.

‘फार’साठी दोन शब्द आहेत. विशेषण किंवा क्रियाविशेषणापूर्वी ‘मुइ’ (मुइ ब्येन), क्रियापदानंतर ‘मूचो’ (त्राबाखा मूचो, म्हणजे खूप काम करतो).

‘मेंते’चा मारा झाला की वाक्य जड होते. अशा वेळी ‘कोन’ (सह) आणि नाम वापरावे: ‘क्विदादोसामेंते’ऐवजी ‘कोन क्विदादो’, काळजीपूर्वक. बोलताना हेच अधिक स्वाभाविक वाटते.